शनिवारचं शब्दकोडं, २६ आडवा: मी भरलं जुवारी, छापून आलं मांडवी

चोडणची बाय
रविवार, रात्री ९:१०

मंडळी, हा प्रश्न कोडं सोडवणाऱ्यांनाच आहे. जे पेपर खेळाच्या पानापर्यंत वाचून खाली ठेवतात त्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

मी रोज सकाळी चोडणहून फेरीने रायबंदरला येते आणि तिथून बसने पणजीला, ऑफिसला. फेरी लागेपर्यंत आडवे शब्द, पाण्यात असताना उभे, अडलेले बसमध्ये. एकवीस वर्षं हेच चाललंय. पेनानेच भरते. पेन्सिलीने पेपरचा कागद फाटतो, शिवाय फेरीच्या इंजिनाची थरथर असते, त्यात काढलेलं फिकं अक्षर नंतर माझं मलाच लागत नाही. पेपरचं नाव घेत नाही. माझं भांडण पेपरशी नाही, शनिवारच्या कोड्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी आहे.

११ बाय ११ ची चौकट. त्या कोपऱ्यात हे दोन शब्द:

२२ उभा: शिक्षण पुरे झाल्यावर हाती येते (३)
२६ आडवा: गोव्यातील नदी (३)

दोघांचं शेवटचं घर एकच, अगदी टोकाचं. बाकीच्या चार घरांना दुसरा कुठलाच शब्द शिवत नाही.

मी उभा आधी घेतला. नोकरी. विचारसुद्धा करावा लागला नाही. टोकाला री आली, म्हणजे नदी जुवारी. जु, वा, री, बरोबर तीन घरं. फेरी धक्क्याला लागायच्या आत कोडं संपलं. पेपराची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि दिवसभर खुशीत होते. आज उत्तर बघते तर पदवी आणि मांडवी.

टोकाला वी. आणि तेही चपखल बसतं! चीड त्याचीच आहे. एरवी माझं चुकतं तेव्हा चार शब्द पुढे गेल्यावर कोणीतरी आडवा ओरडतोच, 'अगो, मी बसत नाही इथे'. मग खाडाखोड. इथे कोणी ओरडलंच नाही.

नद्या मोजून बघा जरा. मांडवी तीन. जुवारी तीन. शापोरा तीन. म्हादई तीन, आणि म्हादई म्हणजे तरी कोण, वरची मांडवीच. सत्तरीत एक नाव, खाली आल्यावर दुसरं. 'गोव्यातील नदी' एवढ्यावर यातली कुठलीही चालते. साळ दोन अक्षरी, तेरेखोल आणि तळपण चार अक्षरी, म्हणून त्या सुटल्या. मला वाटतं हे कोडं आपल्याकडे होतच नाही, बाहेरून तयार येतं. नदी म्हटल्यावर मांडवीपलीकडे जात नाही तो माणूस इथला कसा असेल?

संशयाला आणखी एक कारण आहे. १२ उभा 'गोव्यातील एकूण तालुके (३)'. मी बारा लिहायला गेले तर घरं तीन. उत्तर अकरा! धारबांदोडा वेगळा होऊन किती वर्षं झाली. कोडेवाल्याच्या वहीत तो अजून झालेला नाही.

पण चांगलं ते चांगलं म्हणायला हवं. ४ उभा 'उन्हाळ्यात वर येणारे गाव (२)'. कुर्डी. वाचल्याबरोबर मी फेरीत मोठ्याने 'वा' म्हटलं, शेजारचे मासेवाले वळून बघायला लागले. साळावली धरणाचं पाणी मे महिन्यात खाली जातं आणि बुडालेलं कुर्डी वर येतं. माझ्या नवऱ्याची आत्या त्या गावची. अजून दर उन्हाळ्यात जाऊन आपल्या घराच्या चौथऱ्यावर बसून येते आणि आल्यावर सांगते, चुलीची जागा कळते म्हणून. 'गायिका मोगूबाईंचे गाव' असा प्रश्न कोणीही दिला असता. हा ज्याने दिला त्याने ते गाव बघितलेलं असणार. मग माणूस बाहेरचा की इथला? एकाच चौकटीत कुर्डीही आणि अकरा तालुकेही, माझं डोकं चालत नाही.

आता जुनं दुखणं. ९ आडवा 'काव्य करणारा (२)', १० उभा 'रहाट इथे असतो (३)'. कवी आणि विहीर. कवीची वी दीर्घ, विहिरीची वि ऱ्हस्व, घर मात्र एकच. अशा वेळी मी दोन्ही वेलांट्या काढते, एक डावीकडे, एक उजवीकडे. ते अक्षर छत्री धरल्यासारखं दिसतं. छापलेल्या उत्तरात 'वि' आहे. म्हणजे कवि? शाळेत आम्ही असं लिहिलं असतं तर पाच वेळा लिहून आणायला लावलं असतं.

सासूबाईंचा प्रकार आणखी निराळा. पेपर येतो तेव्हा मी डबा भरत असते, तोवर त्या एक-दोन शब्द भरून मोकळ्या. परवा 'खिडकी (३)' ला त्यांनी जनेल लिहून ठेवलं. पेनाने. उत्तर होतं गवाक्ष. ऐंशी वर्षं जिला जनेल म्हटलं तिला सकाळी सकाळी गवाक्ष कोण म्हणणार? मी काही बोलले नाही, त्यावरच गिरवलं.

तर विचारायचं ते हे. दोन उत्तरं सारखीच बसत असतील तर चूक सोडवणाऱ्याची की करणाऱ्याची? आणि वेलांटीचं तुम्ही लोक काय करता?

लेकीला दाखवलं तर म्हणाली, 'आई, पदवीच असणार, मला विचारायचं होतंस.' तिची एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली. मी विषय वाढवला नाही.


मयेचं तळं
रविवार, रात्री ९:३४

बाय, तुम्ही निदान नदी तरी बसवलीत. मी सुरुवात नदीपासून केली आणि शापोरा टाकलं. मग रा ने संपणारं, शिक्षण झाल्यावर हाती येणारं काही सुचेना. शेवटी पसारा लिहिलं. हॉस्टेल सोडताना माझ्या हाती तोच आला होता.

पेपरचा फोटो काढून फोनवर बोटाने भरतो मी. पुसता येतं, हा मोठा फायदा. तोटा असा की पुसता येतं म्हणून विचार न करता काहीही भरतो. वेलांटीचं म्हणाल तर बोटाने र्डी काढून दाखवा, मग वेलांटीवर बोलू.


वास्कोतला सातारकर
रविवार, रात्री १०:०२

ताई, रागावू नका, पण माझ्या मते चूक तुमची आहे. पदवी हाती येते. नोकरी लागते. 'मुलाच्या हाती नोकरी आली' असं तुम्ही बोलता का? नोकरी मिळते, लागते, टिकते, जाते. हाती येतो तो कागद, आणि पदवी हा कागदच असतो. कोडेवाल्याने खूण क्रियापदात ठेवली होती, तुम्ही नुसतं 'शिक्षण पुरे झाल्यावर' वाचून पेन टेकवलं.

मी आधी क्रियापद वाचतो, मग बाकीचं. मागे एकदा 'पडतो, पण त्याला लागत नाही (३)' असं होतं. मी पडण्याच्या नादाने अर्धा तास भुयार, पडदा, झाडावरची फळं करत बसलो. 'लागत नाही' नीट वाचलं तेव्हा पाऊस सापडला.

आणि बाहेरच्यांबद्दल एवढं बोललात म्हणून सांगतो. मी पंधरा वर्षं वास्कोत आहे, कामासाठी आठवड्यातून चार वेळा कुठ्ठाळीचा पूल ओलांडतो. खाली जुवारीच असते. त्यामुळे नदी वाचल्यावर माझ्याही डोक्यात आधी जुवारीच आली आणि री वरून नोकरीही आली. पण 'हाती' बघितलं आणि खोडलं. बाहेरचा माणूस मांडवीपलीकडे जात नाही हे काही खरं नाही. अकरा तालुक्यांबद्दल मात्र माझ्याकडे बचाव नाही. मला आजच कळलं बारा आहेत.


खिळे जुळवणारा
रविवार, रात्री ११:२०

मयेवाले, पसारा हाती 'येतो'. प्रश्नात 'येते' आहे. तुमचा शब्द दारातच अडला.

बाय, मी फोंड्याचा. १९७४ साली छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो, खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं जुळवली, पुढे संगणक आला तेव्हा मुद्रितं तपासायला बसलो. कोड्यांचं आणि माझं वैर जुनं आहे. साधा मजकूर जुळवायचा तर हात आपोआप चालायचा. कोडं आलं की सगळं वेगळं: काळे ठोकळे, रेघांच्या पितळी पट्ट्या, आणि घराच्या कोपऱ्यात बसवायचे ते बारीक आकडे. असा आकडा बोटातून निसटला की जमिनीवर कुठे जायचा ते देवाला ठाऊक. एकदा १८ असाच हरवला आणि वेळ संपत आली म्हणून तिथे दुसरा १७ बसवून दिला. दुसऱ्या दिवशी दारात माणसं. अग्रलेखात अख्खा परिच्छेद उलटसुलट झाला होता त्या दिवशी कोणी आलं नव्हतं.

आता वेलांटी. कवी एकटा असला की दीर्घ. समासात गेला की ऱ्हस्व: कविसंमेलन, कविराज. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, त्यांत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ ठरला. त्याआधीचं पुस्तक उघडा, कवि, गति, शांति असंच छापलेलं मिळेल. म्हणजे तुमचा कोडेवाला एक तर त्या पुस्तकांवर वाढलेला, नाही तर त्याला विहीर हवी होती म्हणून त्याने कवीची वेलांटी फिरवली. माझा कौल दुसऱ्याला.

भांडण फक्त इ आणि उ चं असतं, हे ध्यानात घ्या. आ, ए, ओ यांची घरं बिनघोर एकमेकांवर बसतात, त्यांच्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. आणि इ-उ ची खोड अशी की शब्दाच्या शेवटी ते दीर्घ, पण शेवट दीर्घ झाला की मागचा ऱ्हस्व होतो. गरीब, पण गरिबी. विहीर, पण विहिरी. म्हणून एका शब्दाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर किंवा मधल्या घरावर आदळला की तिथे अपघात ठरलेला. तो टाळायला फार अक्कल लागत नाही. कवीच्या वी खाली विहीर कशाला खणायची? वीट आहे, वीज आहे, वीणा आहे. तीनच घरं हवीत तर वीरश्री आहे.

काही जण म्हणतात कोड्यात वेलांटी बघूच नये. बघावी. सूत म्हणजे धागा, सुत म्हणजे मुलगा. पाणी प्यायचं, पाणि म्हणजे हात. दिन दिवस, दीन गरीब. एकाच घरात दोघांना कोंबलं की कोडं सुटत नाही, नुसतं भरतं.

नोकरी-पदवीत मी सातारकरांच्या बाजूने. पण नदीच्या बाबतीत बायच्या बाजूने, आणि त्याला कारण आहे. मांडवी वर म्हादई म्हणून कर्नाटकातून येते. जुवारीचा उगम आणि मुख दोन्ही गोव्यातच. अक्षर न अक्षर मोजायचं ठरवलं तर 'गोव्यातील नदी' जुवारीच.


चोडणची बाय
सोमवार, सकाळी ८:२५

फेरीतून लिहितेय, चुका पोटात घाला.

सातारकर, अर्धं मान्य. हाती हा शब्द मी वाचलाच नव्हता, डोळ्यांनी गिळला. पण मला सांगा, तुम्हाला स्वतःलासुद्धा री वरून आधी नोकरीच आली होती ना? एवढ्या एका शब्दावर सगळा कोपरा टांगून ठेवायचा आणि खाली नदी द्यायची ती अशी बिनखुणेची. तिथे 'पणजीजवळून वाहणारी' एवढं म्हटलं असतं तरी मी मुकाट्याने मांडवी लिहिली असती. या घडीला मी तिच्यावरच उभी आहे.

खिळेवाले काका, देव बरें करूं. वीरश्री आजच वहीत टिपून ठेवते. १७ दोनदा छापलेलं कोडं माझ्या वडिलांनी नक्की सोडवलं असणार. कोड्यात चूक निघाली की ते आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवत, जेवण राहिलं बाजूला.


चौकटीची वही
सोमवार, दुपारी ३:४५

मी म्हापशाची. शाळेत गणित शिकवत होते. शाळेच्या वार्षिकासाठी आणि आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी पंचवीसेक वर्षं कोडी करतेय, तेव्हा करणाऱ्यांच्या बाजूने बोलायला मला हरकत नसावी.

तुम्ही सगळे क्रियापदावर भांडताय. दुखणं प्रश्नात नाही, चौकटीत आहे. मी कोडं मुलांच्या चौकटीच्या वहीत आखते. ठोकळे काळे करून झाले की एक शब्दही लिहायच्या आधी पहिल्या पांढऱ्या घरावर बोट ठेवते आणि काळ्यावर न जाता चालायला लागते. शेजारच्या घरात, खालच्या घरात, असं करत पानावरच्या प्रत्येक पांढऱ्या घरात पोचता आलं पाहिजे. कुठे पोचता आलं नाही तर तिथे बेट झालं. तुमचा उजवा कोपरा बेट आहे. पाच घरं, दोन शब्द, बाहेर जायला वाट नाही. बाय, तुम्ही चोडणच्या, बेट म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार. तुम्हाला निदान फेरी आहे. आणि गंमत बघा, खऱ्या मांडवी आणि जुवारी कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडलेल्या आहेत. कोड्यात एक घर पांढरं ठेवून तेवढा कालवा काढायला काय झालं होतं?

आणखी एक. चौकट समतोल असेल, म्हणजे पान उलटं धरलं तरी काळे ठोकळे जागच्या जागी दिसत असतील, तर डाव्या वरच्या कोपऱ्यातही असंच पाच घरांचं बेट असणार. मी तो पेपर बघितलेला नाही. बघून सांगा.

घरं सुटी असण्याबद्दल मात्र मी त्याला माफ करते. अमेरिकेतल्या इंग्रजी कोड्यांत प्रत्येक घर दोन्हीकडून बांधलेलं असतं. ब्रिटिश पद्धतीत साधारण निम्मी घरं सुटी. त्यांना २६ अक्षरांत भागवायचं असतं. आपलं एक घर म्हणजे काना-मात्रेसकट अख्खं अक्षर. नुसत्या क ची बाराखडी १२ घरांची, जोडाक्षरं वेगळीच. तुमच्या त्या छान कुर्डीच्या र्डी ला दुसरा शब्द कुठून बांधायचा? मी तर रफार शेवटी आला की तो शब्दच सोडून देते. तेव्हा घर सुटं राहिलं तरी चालतं, पण शब्द सुटा राहू नये. तीन अक्षरी शब्दाला निदान दोन गाठी हव्यात, आणि त्या दोन वेगळ्या शब्दांशी.

पहिलं कोडं आर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात छापलं, २१ डिसेंबर १९१३ ला. हिऱ्याच्या आकाराचं, मधे पोकळ, तरी बोट ठेवून सगळीकडे फिरता येतं. त्यात 'फन' हा शब्द आधीच भरून दिला होता. शनिवारच्या कोपऱ्यात एक 'प' भरून दिला असता तरी हा धागा निघाला नसता.

प्रश्नांबद्दल बोलायचं तर मला 'कमळ (३)' छाप प्रश्नांचा कंटाळा येतो. समानार्थी शब्दांची यादी पाठ असली की झालं. मुलांना मी असले देत असे:

नदी उलटी वाहिली की गरीब (२)
पोर्तुगीज गेले, हा मात्र महिन्याला येतो (३)
१५१० मध्ये आलेल्याच्या नावाने मे महिन्यात कापतात (३)

पहिला सातवीतल्या एका मुलीने फळ्यावर मी लिहून संपायच्या आत सोडवला. तिसऱ्याला एकाने फणस लिहिलं होतं. आफोन्सो आल्बुकर्कचा आणि फणसाचा काय संबंध, विचारलं, तर म्हणाला, 'टीचर, कापतात तर खरं.' मी अर्धा मार्क दिला.


मयेचं तळं
सोमवार, दुपारी ४:०५

दीन, पगार, हापूस. पगार पोर्तुगीज हे माहीत नव्हतं, गुगल करावं लागलं. आमच्या घरी बटाटा, चावी आणि पाव सोडून बाकी सगळं मराठी आहे असं मी समजत होतो.


मयेचं तळं
सोमवार, दुपारी ४:३१

थांबा थांबा थांबा.

२२ उभा: कमाई. क, मा, ई.
२६ आडवा: म्हादई. म्हा, द, ई.

शिक्षण पुरे झाल्यावर हाती येते. कमाई हाती येते ना, सातारकर?


वास्कोतला सातारकर
सोमवार, सायंकाळी ६:५०

येते. कमाई हातीच येते, पदवीपेक्षा जास्त येते. माझं क्रियापद परत घेतो. ताई, माफी असावी.


खिळे जुळवणारा
सोमवार, रात्री ८:१५

स्त्रीलिंगी, तीन घरं, ई ला ई. मलाही हरकत काढता येत नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच एका कोपऱ्याची तीन बिनचूक उत्तरं बघतोय.

वहीताई, दीन दीर्घ आणि नदीची दीही दीर्घ, म्हणून तुमची नदी उलटी वाहते. दिन करायला गेला असता तर वाहिली नसती. याला म्हणतात वेलांटी सांभाळणं.


चोडणची बाय
मंगळवार, रात्री ९:४०

सगळ्यांना एकदम लिहिते.

वहीताई, शनिवारचा पेपर मासळी गुंडाळायला जायच्या बेतात होता, सासूबाईंच्या हातून काढून घेतला. उलटा धरून बघितला. ठोकळे जागच्या जागी! आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात तुम्ही म्हणता तस्संच बेट. १ आडवा 'कमळ (३)', १ उभा 'तिथी-वार सांगते (३)'. पंकज आणि पंचांग, पहिलं घर दोघांत मिळून. शनिवारी तिथे मला काहीच खटकलं नव्हतं, कारण कमळाला सरोज, जलज, राजीव कितीही असोत, पंचांग एकच आहे. पं आला की पंकज आलाच. म्हणजे बेट असूनही तिथलं बरोबर सुटतं. खालचं बेट फसलं कारण तिथे दोन्ही शब्द डळमळीत, दोघे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभे.

आणि नदी उलटी वाहिली की गरीब होते हे काही मी मानणार नाही. भरतीला मांडवी रोज उलटी वाहते, मला रोज दिसते. भरतीच्या वेळी फेरी जरा तिरकी काढतात. पण प्रश्न गोड आहे. आज फेरीत शेजारणीला घातला तर ती रायबंदरपर्यंत बोलली नाही. बसमध्ये मागच्या सीटवरून ओरडली, 'दीन!' कंडक्टरला वाटलं स्टॉप सांगतेय.

पेपरला चार ओळी लिहून पाठवल्या. नदीची तीन उत्तरं, तालुके बारा, कवी दीर्घ, आणि शेवटी कुर्डीचा प्रश्न फार आवडला म्हणून. लेक म्हणाली तो शेवटचा आधी लिही, म्हणजे बाकीचे वाचतील. तसं केलं. उत्तर अजून आलेलं नाही.

लेकीने हा सगळा धागा वाचून काढला. पसाऱ्याला खूप हसली. मग माझ्या पेपराच्या कडेला स्वतःच एक प्रश्न लिहून दिला आणि म्हणाली, घाल तुझ्या मंडळींना:

लागली की सुटत नाही, सुटली की लागत नाही (३)


खिळे जुळवणारा
मंगळवार, रात्री १०:०५

सवय.


वास्कोतला सातारकर
मंगळवार, रात्री १०:०९

काका, सुटलेली सवय परत लागते. माझी तंबाखू तीनदा सुटली. पण तलफ बसेल का?


चोडणची बाय
मंगळवार, रात्री १०:२०

विचारलं तिला. म्हणते, शेवटचं घर जुवारीला बांधलेलं आहे.